पाय मोकळा आहे का?

बॅडमिंटनचा सामना बघताना माझी नजर शटलवर कमी आणि खेळाडूंच्या पायांवर जास्त असते. कथकच्या कार्यक्रमातही तेच. लहानपणी कथक शिकायला लागले, कॉलेजात बॅडमिंटन लागलं, बरीच वर्षं दोन्ही सोबत चालली आणि आता संध्याकाळी मी मुलांना बॅडमिंटन शिकवते. दोन्हीकडे पायांबद्दल सतत बोललं जातं. ‘पाय हलव’, ‘पाय चालव’, ‘पायात वेग नाही तुझ्या’. हे ऐकून मुलं बिचारी जोरजोरात पाय आपटायला लागतात, इकडेतिकडे धावायला लागतात आणि तरी उशिराच पोचतात.

कारण वेगाच्या आधी भार येतो. अंगाचं वजन या क्षणी कुठल्या पायावर आहे? आणि कुठला पाय मोकळा आहे? ज्या पायावर भार आहे तो उचलता येत नाही, आधी भार काढावा लागतो आणि त्यात वेळ जातो. हा वेळ डोळ्यांना दिसत नाही. बघणाऱ्याला एवढंच वाटतं की मुलगा आळशी आहे, किंवा मुलीची लय कच्ची आहे. मला हे आधी नाचातून कळलं, मग कोर्टवर. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कथकचा पहिला धडा तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार मात्रांना उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारला डावा, उजवा, डावा, उजवा. वाचताना काहीच अवघड वाटत नाही. पण नीट बघा, चौथ्या मात्रेला डावा पडला आणि पाचव्याला पुन्हा डावाच पडायचा आहे. आठवीला उजवा, आणि आवर्तन पुन्हा सुरू होताना पुन्हा उजवा. चालताना आपण असं कधीच करत नाही. चालताना पाय टेकला की भार त्याच्यावर जातो आणि दुसरा आपोआप सुटतो. तत्कारात चौथ्या मात्रेला डावा पाय टेकायचा, वाजवायचा, पण अंग त्याच्यावर सोपवायचं नाही, कारण तोच पाय लगेच पुन्हा उचलायचा आहे. आमच्या बाई म्हणायच्या, “डावा नुसता वाजव गं, त्याच्यावर उभी राहू नकोस.” तेव्हा मला ते एक तंत्र वाटलं होतं. आता वाटतं, पायांच्या कामाचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

नवीन मुलींची लय नेमकी याच जागी हलते. चौथी मात्रा पडते, भार डाव्यावर जातो, पाचव्या मात्रेला तो पाय निघत नाही. मग एक तर पाचवी उशिरा येते, नाही तर ती खांदा उडवून पाय उपटून काढते. वर काहीतरी हललं की समजायचं, खाली भार चुकीच्या पायावर आहे. बाई म्हणूनच ठाय, म्हणजे संथ लयीत तासभर ठेवायच्या. दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लय करायची आम्हाला कोण घाई! पण द्रुत लयीत बरंच काही झाकलं जातं. दोन पावलांमधलं अंतर इतकं कमी असतं की भार धड कुठेच न जाता मधे लटकत राहतो आणि काम निभावतं. विलंबित लयीत मात्र प्रत्येक मात्रेला कानाला कळतं की पाय पूर्ण पडला की अर्धा. तळवा सपाट पडला तर एक नाद, टाच आधी लागली तर वेगळा, आणि डावा पाय बहुतेकींचा दबकाच वाजतो.

शिवाय पायात घुंगरू. एकेका पायात शंभर, कुणी दीडशे बांधतं. घुंगरांना स्वतःचं वजन असतं आणि पाय थांबला तरी ती क्षणभर हलत राहतात. म्हणून वाजवण्यापेक्षा थांबवणं कठीण. मुरलेले कलाकार लय चढवत नेतात, मग आवाज कमी करत करत अख्ख्या पायातल्या घुंगरांमधून एखाद्याच घुंगराचा नाद काढून दाखवतात. टाळ्या वेगाला आधी पडतात, पण माझ्या मते पायावरची खरी हुकमत त्या एका घुंगरात असते. तिथे पाय जवळजवळ हलतच नाही, आतला एखादा स्नायू तेवढा काम करतो.

आता कोर्ट. बॅडमिंटनच्या एकेरीत आपल्या वाट्याला ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद जागा येते. तिच्या मध्यावर उभं राहिलं तर कुठलाही कोपरा सव्वाचार मीटरच्या आसपास आहे. हात आणि रॅकेटची लांबी वजा केली, शेवटचं लांब पाऊल वजा केलं, तर मधे दोन-तीन पावलंच उरतात. म्हणजे हा धावण्याचा खेळच नाही. सगळा प्रश्न पहिलं पाऊल किती लवकर निघतं याचा आहे.

आणि ते पहिलं पाऊल निघण्यासाठी त्याच्या आधी एक छोटीशी उडी लागते. टेनिस असो, बॅडमिंटन असो, सगळे तिला स्प्लिट स्टेपच म्हणतात. समोरचा फटका मारायच्या बेतात आला की किंचित उसळायचं आणि त्याचा फटका बसतो त्याच सुमारास पाय रुंद ठेवून खाली यायचं. उडी म्हणण्याइतकीही ती नसते, कधी कधी फक्त टाचा सुटतात. पण खाली येताना पोटऱ्या, मांड्या आणि टाचेमागचा मोठा स्नायुबंध ताणले जातात आणि तो ताण पुढच्या ढकलीत परत मिळतो. सपाट पावलांवर निवांत उभ्या असलेल्या खेळाडूला ही ताकद मिळत नाही. डोळ्यांनी काही बघून शरीराने हालचाल सुरू करायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, तो काही कमी करता येत नाही. पण तेवढ्या वेळात पाय हवेत ठेवून, निर्णय होता होता ते खाली आणता येतात.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कसलेल्या खेळाडूंचे दोन्ही पाय अनेकदा एकाच क्षणी टेकत नाहीत. उजवीकडे जायचं असेल तर डावा आधी टेकतो. हवेत असतानाच निर्णय झालेला असतो, डावा पाय भार घेतो आणि ढकलतो, उजवा मोकळाच राहतो आणि निघतो. मला हे पहिल्यांदा मंद गतीच्या चित्रणात दिसलं तेव्हा थेट तत्कार आठवला. कुठला पाय नुसता टेकवायचा आणि कुठल्यावर उभं राहायचं, हाच तर प्रश्न आहे.

फरकही आहेच, आणि तो मोठा आहे. नाचणारीला पुढे काय येणार ते ठाऊक असतं. उपज असली, जागच्या जागी सुचलेलं काही असलं तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे पक्कं असतं. तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा घेणं, सुरू केली की तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल समेवर पडला पाहिजे, एक मात्रा अलीकडे नाही की पलीकडे नाही. खेळाडूला यातलं काहीच ठाऊक नसतं. सम कुठे ठेवायची हे समोरचा ठरवतो आणि शक्यतो लपवतो. म्हणून नाचणारी एका ठरलेल्या क्षणी पूर्ण पोचायची मेहनत करते आणि खेळाडू कुठल्याच बाजूला पूर्ण न जाण्याची. कथकचा पाय कोर्टवर नेला तर नडतो, हे मी अंगावर अनुभवलंय. कथकमध्ये पाय सरळ, पाठ ताठ, तळवा सपाट. कोर्टवर गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, टाच कागद सरकेल इतकी वर. त्या मानाने भरतनाट्यमची अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, मांड्यांना खेळाच्या जास्त जवळची. तरीही नाचातून आलेली मुलं कोर्टवर लवकर सुधारतात असा माझा अनुभव आहे, कारण भार कुठे आहे हे त्यांना न बघता सांगता येतं. स्नायूंना नवीन सवयी लावता येतात. ही जाणीव लावायला मात्र फार वेळ लागतो.

याचं जगातलं ठळक उदाहरण म्हणजे वासिल लोमाचेन्को. या युक्रेनियन बॉक्सरला त्याच्या वडिलांनी, अनातोली यांनी, लहानपणी काही काळ बॉक्सिंगपासून बाजूला काढून पारंपरिक नृत्य शिकायला पाठवलं. पुढे त्याने २००८ ला बीजिंगमध्ये आणि २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. त्याच्या लढती बघा. ठोसा मारून तो समोर उभाच राहत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. समोरच्याला मारायचं तर आधी वळावं लागतं, आणि वळायचं तर भार हलवावा लागतो. तेवढ्यात याचा पुढचा ठोसा येतो. बॉक्सिंगमध्ये पायांची अढी पडू द्यायची नाही हा पहिला नियम. ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी, मग दुसरा. पाय एकमेकांत गुंतले असताना ठोसा बसला तर माणूस साध्या धक्क्यानेही आडवा होतो. इंग्लंडचा फुटबॉलपटू रिओ फर्डिनंड लहानपणी काही वर्षं लंडनच्या एका बॅले शाळेत शिकला होता. आणि बास्केटबॉलचा हकीम ओलाजुवॉन तर नायजेरियात फुटबॉल आणि हँडबॉलचा गोलकीपर होता. बास्केटबॉल तो खूप उशिरा, पंधराव्या वर्षाच्या आसपास शिकला. एवढ्या उंच माणसाच्या पायात ती चपळाई गोलपोस्टमध्ये मुरली. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरल्यावर एक पाय जमिनीला खिळलेला ठेवावा लागतो आणि दुसराच तेवढा मोकळा असतो. ओलाजुवॉन त्या एका मोकळ्या पायावर बचावपटूला इतका गुंगवायचा की त्याने भार कुठे न्यायचा हेच त्याला कळेनासं व्हायचं.

क्रिकेटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पायांवरून सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापाशी यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. त्यात पुढे जायचं की मागे हे ठरवायचं आणि जायचंही. म्हणून चांगला फलंदाज चेंडू सुटण्याच्या सुमारास एक बारीकशी हालचाल करतो, थोडं मागे किंवा थोडं पुढे. टेनिसची ती उडीच ही, फक्त लहान. फिरकीला वेळ जास्त असतो, पण तिथे मोह जास्त असतो. क्रीजच्या बाहेर पाय काढला आणि चेंडू चुकला तर मागे यष्टिरक्षक आहेच.

१९९८ च्या चेन्नई कसोटीत सचिन तेंडुलकर पहिल्या डावात शेन वॉर्नला ४ धावांवर बाद झाला आणि दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ केल्या. त्या मालिकेआधी त्याने भारताचा माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला लेगच्या बाहेर मुद्दाम उकरलेल्या जागेवर चेंडू टाकायला लावून सराव केला होता. दुसऱ्या डावातले त्याचे फटके सगळ्यांना आठवतात, मला त्याचा पुढचा पाय आठवतो. वॉर्न राउंड द विकेट येऊन लेगबाहेरच्या खडबडीत जागेवर टाकत होता. अशा चेंडूला बहुतेक जण पॅड पुढे करतात, म्हणजे पुढचा पाय चेंडूच्या वाटेत रोवून ठेवतात आणि मग बॅट फिरवायला जागाच उरत नाही. सचिनने तो पाय वाटेतून बाजूला घेतला, अंग उघडलं आणि मिडविकेटकडे फटके मारले. २००१ च्या कोलकाता कसोटीत व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने २८१ धावा करताना तर एकाच जागेवरून वळणारा चेंडू कधी पुढे सरसावून ऑफला, कधी लेगला मारला. तिथे त्याची पावलं मोजून बघा. पुढे येतानाही शेवटचं पाऊल टेकल्यावर तो क्षणभर स्थिर असतो आणि फटका त्या स्थिरतेतून निघतो.

मग कुणीतरी हमखास सेहवागचं नाव काढतं. पाय हलवत नाही, तरी मुलतानला ३०९ आणि चेन्नईला ३१९! हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण माझं म्हणणं तो खोडत नाही, पक्कं करतो. सेहवागचं पाऊल छोटं होतं हे खरं. पण त्याचं डोकं बघा. ते स्थिर राहतं आणि फटक्याच्या वेळी भार जिथे हवा तिथे असतो. ऑफबाहेरच्या चेंडूला तो मागच्या पायावर राहून हात मोकळे करत होता, आणि पाऊल जवळजवळ न टाकताही भार एका पायावरून दुसऱ्यावर जात होता. पाऊल लांब टाकणं हे भार नेण्याचं एक साधन आहे. शिकणाऱ्याने ते साधन सोडू नये, कारण तसे डोळे आणि तसे हात फार थोड्यांना मिळतात. पण पाऊल पडलं म्हणजे पायाचं काम झालं, असं समजूनही चालत नाही.

कबड्डीत तर ही गोष्ट नियमातच आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा आणि त्या वेळी दुसरा पाय हवेत असला पाहिजे, तरच गुण. म्हणजे नियमच सांगतो की अख्खं अंग रेषेपलीकडच्या एका पायावर सोपव. आणि ज्या क्षणी ते सोपवलं त्या क्षणी चढाईपटू सर्वांत असहाय असतो, तो पाय हलू शकत नाही. कोपरारक्षक याचीच वाट बघत असतो आणि घोट्यावर झेपावतो. म्हणून हुशार चढाईपटू बोनसचा नुसता आव आणतो. पाय पुढे टाकतो पण भार मागेच ठेवतो. कोपरारक्षक झेपावला की तो पाय अलगद निघतो आणि वर स्पर्शाचा गुणही मिळतो. टेकव, पण उभी राहू नकोस. बाईंनी कबड्डी कधी बघितली की नाही, मला माहीत नाही.

थांबणं हा यातला अर्धा भाग आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. नेटजवळचं शटल उचलायला खेळाडू लांब पाऊल टाकतो. तिथे टाच आधी टेकली पाहिजे, पावलाचं टोक जायच्या दिशेला असलं पाहिजे आणि गुडघा त्याच रेषेत. पाऊल आत वळलेलं असेल तर सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूला पडतो, आणि हे रोज शेकडो वेळा होतं. आणि फटका मारून झाला की त्याच पायाने स्वतःला मागे ढकलायचं आहे. अर्धी मुलं फटका मारून तिथेच उभी राहतात, शटल कुठे गेलं ते बघत. कथकची चक्करं फिरणं त्या मानाने सोपं, चक्करं संपवून समेवर खांबासारखं थांबणं अवघड. बॅलेमध्ये एकाच पायावर फिरत राहायच्या गिरक्या असतात. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये अशा सलग ३२ घेतल्या आणि तेव्हापासून ती जागा प्रत्येक मोठ्या नर्तकीची परीक्षा झाली. तिथे पाय बदलायची मुभाच नाही. उभा पाय दर गिरकीला गुडघ्यात दुमडतो, टाच खाली येते आणि पुन्हा टोकावर चढतो, हवेतला पाय फिरण्याची गती देतो. प्रेक्षक हवेतल्या पायाकडे बघतात. जाणकार उभा पाय रंगमंचावर किती सरकला ते बघतो.

जमिनीचा आणि बुटांचा विषय मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं कठोर बोलते. पळायचे बूट घालून कोर्टवर येऊ नका. ते पुढच्या दिशेला धावण्यासाठी बनवलेले असतात, तळ जाड, टाच उंच. बाजूला जोरात वळलात की पाऊल त्या उंचीवरून बाहेर कलंडतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. कोर्टचे बूट रुंद, सपाट आणि जमिनीलगत असतात ते यासाठीच. नाचणाऱ्यांनी सिमेंटच्या किंवा थेट सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज तत्कार करू नये. खाली पोकळी असलेला लाकडी तक्ता धक्का थोडा तरी आपल्याकडे घेतो. सिमेंट काहीच घेत नाही, तो सगळा नडगीत आणि गुडघ्यात जातो. मुलांच्या नडग्या दुखायला लागल्या तर ‘सवय होईल’ म्हणू नका. थांबवा आणि जमीन बदला.

आणि एक तक्रार कॅमेऱ्यांबद्दल. नाचाच्या चित्रफितींत ऐन तत्काराच्या वेळी कॅमेरा चेहऱ्यावर जातो. अभिनयाच्या वेळी तो तिथे हवाच, पण लयकारी चालू असताना मला पाय बघायचे असतात. फक्त आवाज ऐकून उभा पाय कुठला होता ते कळत नाही. सामन्यांचं तसं बरं असतं, लांबून अख्खं कोर्ट दिसतं. पुन्हा दाखवताना मात्र रॅकेट आणि शटलच मोठं करून दाखवतात, आणि फटका ज्या पावलाने घडवला ते चौकटीच्या बाहेर राहतं.

माझ्याकडच्या नवीन मुलांना मी सुरुवातीला शटल न देता शॅडो करायला लावते. रॅकेट हातात, समोर कुणी नाही, मी बोट दाखवेन त्या कोपऱ्यात जायचं आणि मध्यावर परत यायचं. पालक विचारतात, मुलगा मारायला कधी लागणार? मी त्यांना बाजूला उभं करून मुलाचे पाय बघायला सांगते. मधेच “थांब!” म्हणते आणि विचारते, कुठला पाय मोकळा आहे? सुरुवातीला मुलं खाली बघून उत्तर देतात. काही आठवड्यांनी न बघता देतात. त्यानंतर मी शटल काढते.

तुम्ही पुढचा सामना बघाल तेव्हा एका गेमपुरता एकच खेळाडू धरा आणि कमरेच्या खालीच बघा. समोरच्याचा फटका बसतो तेव्हा याच्या टाचा वर आहेत का? पहिला कुठला पाय टेकतो? कोपऱ्यातून परत येताना तो चालत येतो की ढकलून येतो? आणि तिसऱ्या गेममध्ये, दमल्यावर, यातलं आधी काय सुटतं? माझ्या पाहण्यात बहुतेकांची ती छोटी उडी आधी सुटते. हात शेवटपर्यंत तसेच चालतात, फटकेही तेच असतात, फक्त प्रत्येक फटका अर्धं पाऊल लांबून मारावा लागतो.